हिंवाळ्यांत जुनी मोटार घेतांना

धानाची मळणी आटोपली, माल विकून हातांत चार पैसे आले आणि तुळशीचें लग्न होऊन लग्नसराईची चाहूल लागली, कीं आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत जुनी मोटार घेण्याचा विचार सुरू होतो. नव्या गाडीची ऐपत सर्वांस नसते. आणि गारठलेल्या पहांटे मुलांना दुचाकीवर नेण्यापेक्षां स्वस्त कां होईना, पण बंद गाडी बरी, असें आईबापांस वाटणें स्वाभाविक आहे. विदर्भांत गोंदियाची थंडी प्रसिद्धच आहे. डिसेंबर-जानेवारींत पारा कित्येकदां १० अंशांच्याहि खालीं उतरतो. परंतु हीच थंडी जुन्या गाडीची उत्तम परीक्षक आहे, ही गोष्ट फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

बॅटरींत शिशाचे पत्रे व सौम्य गंधकाम्ल हीं असतात. थंडी वाढली, कीं त्यांमधील रासायनिक क्रिया मंदावते व विजेचा जोर घटतो. त्याच वेळीं इंजिनांतील तेल घट्ट होऊन इंजिन फिरविण्यास अधिक शक्ति लागते. म्हणजे बळ कमी आणि भार जास्त! म्हणूनच दुपारच्या उन्हांत क्षणांत चालू होणारी गाडी पहांटे रडूं लागते. विकणारा बहुधा दुपारीं बोलावतो व आपण पोंचण्यापूर्वीं एक फेरी मारून इंजिन तापवून ठेवतो. त्यास नम्रपणें सांगावें, कीं आम्ही सूर्योदयाच्या सुमारास येऊं, तोंवर गाडी चालू करूं नये. गेल्यावर प्रथम बोनेटला हात लावून पाहावा. तें गार असलें पाहिजे.

मग सेल्फ मारून मागचा धूर पाहावा. थंडींत पांढरी वाफ निघून लौकर विरली, तर भिण्याचें कारण नाहीं. इंजिन चांगलें तापल्यावरहि पांढरा धूर थांबेना, तर इंजिन थंड ठेवणारें पाणी आंत झिरपत असावें. निळा धूर तेल जळत असल्याचा आणि काळा धूर इंधन पुरें जळत नसल्याचा. डिझेलची गाडी असल्यास हीटर प्लगांची परीक्षाहि याच वेळीं होते. झिजलेल्या इंजिनाची खडखड दडविण्यासाठीं कोणी जाड तेल ओततात. ही लबाडी उन्हांत पचते, गारठ्यांत सहसा पचत नाहीं. दुबळी बॅटरी मात्र सौदा मोडण्याचें कारण समजूं नये. बॅटरी बदलतां येते. इंजिन बदलणें म्हणजे जवळजवळ गाडीच बदलणें.

गाडीच्या किंमतीहून कितीतरी मोठी बाब आहे ती सायलेन्सरची. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. उन्हाळ्यांत कांचा खालीं असतात. थंडींत मात्र त्या बंद करून मुलें मागच्या आसनावर झोंपी जातात. गंजून भोंक पडलेल्या नळींतून हा वायु आंत शिरला, तर डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते आणि प्राणहि जातो. झोंपलेल्यास तर कांहींच कळत नाहीं. म्हणून मिस्त्रीकडून गाडी वर उचलवून नळी टोंकापर्यंत पाहून घ्यावी. डिकीच्या दाराचें रबर फाटलें असल्यास बदलावें. बंद शेडमध्यें इंजिन चालू ठेवून ऊब घेत तर कधींच बसूं नये.

आतां रस्त्याचें. देवरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवेगांव व नागझिरा यांच्या वनांमधून जातो. तळीं व धानाच्या बांध्या यांमुळें पहांटे धुकें दाटतें, आणि त्या धुक्यांत पुढें मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर असूं शकतो. जुन्या गाडीच्या दिव्यांवरचें प्लास्टिक पिवळें पडलेलें असतें. तें घासून स्वच्छ करून घ्यावें. टायरवरील चार अंक वाचावे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एअर कंडिशनर 'थंडींत काय कामाचा?' म्हणून न तपासणारे पुष्कळ. वास्तविक कांचेवरील आंतलें दंव पुसण्यास त्याचीच कोरडी हवा उपयोगी पडते. शिवाय पुढें मे महिना आहेच!

शेवटीं कागदपत्रें. बालाघाट व राजनांदगांव जवळ असल्यानें तिकडची गाडी स्वस्त दिसते. परंतु मूळ कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर व येथील नवा क्रमांक यांचा खर्च जोडल्यावर ती स्वस्ताई कितपत उरते, तें आधींच मांडून पाहावें. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें चालते; पुढें योग्यता तपासून ५ वर्षांसाठीं नूतनीकरण होतें, आणि त्याचें शुल्क इ. स. २०२२ मध्यें ६०० वरून ५,००० रुपये झालें. खरेदीनंतर ३० दिवसांत घेणाऱ्यानें आपलें नांव लावण्यासाठीं अर्ज करावयाचा असतो. विमा आपल्या नांवें करण्याचा अर्ज मात्र १४ दिवसांतच.