मूळ गाव वांकानेर, घर सोलापूर

सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी शटर वर जाऊ लागली की एखाद्या जुन्या कापड दुकानात गादीमागच्या भिंतीवर तीन कालगणना शेजारी शेजारी दिसतात. मराठी दिनदर्शिकेवर शालिवाहन शक, व्यापारी पंचांगावर विक्रम संवत आणि मंदिरातून आलेल्या तिथिपत्रिकेवर वीर निर्वाण संवत. वहीपूजन दिवाळीत होते, गुढी चैत्रात उभारली जाते आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी मालाची वेगळी तयारी करावी लागते. अक्कलकोटकडचे गिऱ्हाईक आले तर शेठजी कन्नड बोलतात, पूर्व भागातील पद्मशाली कुटुंब आले तर चार शब्द तेलुगूचे येतात, नोकरांशी बोलणे मराठीत होते आणि घरून आईचा फोन आला तर मराठीत गुजराती मिसळते. दुकानात कोणालाच यात काही वेगळे वाटत नाही.

प्रश्न उभा राहतो तो एखाद्या नवख्या माणसाने सहज विचारल्यावर, “शेठ, तुम्ही मूळचे कुठले?”

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र क्षणभर हिशेब सुरू होतो. पणजोबांचे गाव सांगावे की स्वतःचे? चार पिढ्या ज्या गावात जन्मल्या आणि गेल्या, ते गाव ‘मूळ’ ठरण्यास आणखी किती पिढ्या लागतात? देशाची पुढील जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार आहे. तेव्हा मातृभाषेचा रकाना भरण्याची वेळ आली की हाच प्रश्न घरोघरी पुन्हा निघेल. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्रातील जैन म्हणजे बाहेरून आलेले व्यापारी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. सैतवाळ, चतुर्थ, पंचम, कासार हे जैन समाज शतकानुशतके याच मातीतले आहेत. त्यांच्यातील कित्येक शेतकरी आहेत. पंधराव्या शतकातील गुणकीर्तींचा ‘धर्मामृत’ हा ग्रंथ मराठी गद्यात आहे, यावरून या भूमीशी जैनांचे नाते किती जुने आहे हे ध्यानी येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४४ लाख ५० हजार जैनांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात राहतात. इतर कोणत्याही राज्यात ही संख्या एवढी मोठी नाही.

या जुन्या वस्तीत पुढे गुजरात व वागडकडून हुमड आणि मारवाडकडून ओसवाल कुटुंबे येऊन मिळाली. फलटण, बारामती, नातेपुते, अकलूज, बार्शी, सोलापूर या गावांतील दोशी, गांधी, शहा, कोठारी, मेहता ही आडनावे त्या स्थलांतराची खूण आहेत. गुजरातेत ‘शाह’ लिहिले जाणारे आडनाव येथे ‘शहा’ झाले. त्या एका अक्षरातही सोलापूरचा मुक्काम उमटला आहे.

ही माणसे कशासाठी आली, याचे उत्तर सरळ आहे. १८६० च्या सुमारास आगगाडी सोलापूरला पोहोचली आणि कापसाच्या व्यापाराला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७७ मध्ये मुंबईचे भाटिया व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी येथे कापडगिरणी काढली. तिलाच सोलापूरकर पुढे जुनी मिल म्हणू लागले. गिरणी गुजराती भांडवलाची, विणकर तेलंगणातले, कामगार मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे आणि अडत्यांत गुजराती व मारवाडी. या गावात जवळजवळ प्रत्येक जण कोठून तरी आलेला होता. त्यामुळे येथे ‘मूळचा’ कोण, हे ठरवणे कोणालाच सोपे नव्हते.

याच काळात सौराष्ट्रातील वांकानेरहून आलेल्या दोशी घराण्यातील शेठ हिराचंद नेमचंद सोलापुरात कापूस आणि सावकारीचा व्यवसाय करीत होते. त्यांनी १८८५ च्या सुमारास ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले आणि ते मराठीत काढले. स्वज्ञातीपुरतेच बोलायचे असते तर गुजराती पुरेशी होती. परंतु सैतवाळ आणि चतुर्थ बांधवांपर्यंत पोहोचायचे तर मराठीवाचून गत्यंतर नव्हते. एका गुजराती घराण्यातील व्यापाऱ्याने आपल्या धर्मबांधवांशी बोलण्यासाठी मराठी निवडली, ही घटना लहान वाटली तरी तिचे मोल मोठे आहे. जैन कुटुंबांच्या नियतकालिकात आज मराठी विभाग असणे आपल्याला स्वाभाविक वाटते. त्या स्वाभाविकतेचा पाया तेव्हा घातला गेला.

पुढील पिढ्यांनी तीच दिशा धरली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जैन संस्कृती संरक्षक संघ आणि जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. या मालेत ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राचीन प्राकृत ग्रंथ संपादित झाला, तो डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या हातून. दाता गुजराती वंशाचा, एक संपादक बेळगाव भागातील सदलग्याचा, दुसरा हिंदी प्रांतातला, ग्रंथ प्राकृत आणि प्रकाशन सोलापूरचे. पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी येथेच श्राविका संस्थेद्वारे मुलींच्या शिक्षणाचे काम केले. ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या संस्थेने आपली कक्षा धर्मशिक्षणापुरती ठेवली नाही. तिने काढलेल्या वालचंद महाविद्यालयांतून सर्व जातिधर्मांची मुले शिकून बाहेर पडली.

ज्यांचे नाव या महाविद्यालयांना लाभले ते वालचंद हिराचंद याच घराण्यातले. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली. तरुणपणी वडिलोपार्जित व्यापारात मन न रमल्याने त्यांनी लक्ष्मणराव फाटक या मराठी गृहस्थांशी भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. तेथून ते फार पुढे गेले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. सागरी वाहतुकीवर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना भारतीय मालकीच्या बोटीने केलेले हे धाडस होते. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना आणि जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी, ही कामेही त्यांचीच. त्या कारखान्यात बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

वालचंदांना गुजराती म्हणावे, मराठी म्हणावे की कानडी मुलखाच्या सीमेवरचे सोलापूरकर म्हणावे? त्यांच्या बोटीवर यांपैकी कोणतेही नाव नव्हते. ती बोट भारतीयांची होती.

देशाशी नाते केवळ भांडवलाने जोडले गेले असे मात्र नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठले. ९ ते ११ मे हे तीन दिवस शहरात इंग्रज सत्तेचा अंमल उरला नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. पुढे खटला होऊन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही ती नावे. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी घराण्यातला. सोलापूरच्या हुतात्मा चौकातील पुतळ्यांसमोरून जाताना सारडांचे मूळ गाव कोणते, हे आज कोणी विचारीत नाही.

तरीही सगळा इतिहास गोड आहे असे म्हणणे खरे होणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत मराठी व गुजराती भाषिकांमध्ये तेढ निर्माण झाली होती. अनेक गुजराती वंशाच्या घरांत त्या वेळी मोठ्याने गुजराती बोलण्याचाही संकोच वाटू लागला असेल. आजही निवडणुकीच्या हंगामात किंवा दुकानाच्या पाटीवरून वाद झाला म्हणजे ‘बाहेरचे’ हा शब्द कानी येतो. जो चार पिढ्या येथे राहिला, कर भरत आला, ज्याची मुले मराठी शाळेत शिकली, त्याला तो शब्द बोचतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये एकाच दिवशी अस्तित्वात आली. एका घरासाठी त्या दिवशी पूर्वजांची भूमी आणि जन्मभूमी या दोहोंचा वाढदिवस एकच ठरला. राज्ये वेगळी झाली, पण अशा घरांना स्वतःची वाटणी करता आली नाही आणि तशी गरजही नव्हती.

आपलेपण एकतर्फी नसते, हे परदेशातील अनुभवाने अधिक स्पष्ट होते. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. त्यांत गुजराती व्यापारी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. दुकाने, कारखाने, घरे मागे ठेवून २५ हजारांहून अधिक माणसे एकट्या ब्रिटनमध्ये गेली. त्यांपैकी कित्येकांचा जन्म युगांडातलाच होता. ज्या घराण्यांतील एक शाखा दक्खनेत आली आणि दुसरी आफ्रिकेत गेली, त्यांना या दोन अनुभवांतील अंतर सांगावे लागत नाही. सोलापूरच्या घराला राज्यघटनेचे छत्र होते. कलम १९ प्रमाणे भारतात कोठेही वास्तव्य करण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. कम्पालातील घराच्या डोक्यावर असे छत्र उरले नाही.

आता याच पेठेतील मुले न्यू जर्सी आणि टेक्सासला स्थायिक होत आहेत. तेथे त्यांच्यासमोर वेगळाच पेच असतो. उत्तर अमेरिकेतील जैन संस्थांचा महासंघ ‘जैना’ आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ या दोन्ही संस्था १९८१ च्या. जैन केंद्रातील पाठशाळेत सोबतची बरीच मुले घरी गुजराती बोलणारी असतात, तर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात घरगुती मराठी बोलणारी. सोलापूरच्या घरातून गेलेल्या मुलाला दोन्हीकडे अर्धे कळते. पर्युषणात तो जैन केंद्रात जातो, शेंगाचटणीची आठवण त्याला मंडळात येते, आणि त्याच्या घरची शेंगाचटणी लसणावाचून केलेली असते. तेथील शाळेत त्याला विचारले जाते, “तू मूळचा कुठला?” पणजोबांना सोलापुरात विचारला गेलेला प्रश्नच त्याच्यासमोर येतो. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशस्थ भारतीय नागरिक या नावाचे कार्ड मिळते, मात्र त्यावर मतदान करता येत नाही. ‘आपण कोण’ याचे जे उत्तर आजोबांना सवयीने मिळाले, ते या नातवाला समजून-उमजून मिळवावे लागते.

आणि येथेच खरी काळजी आहे. पहिल्या पिढीची गुजराती तिसऱ्या पिढीत लग्नगीतांपुरती उरली. तिची जागा मराठीने घेतली, त्यामुळे घरातील बोलणे तुटले नाही. आता इंग्रजी शाळेमुळे चौथ्या-पाचव्या पिढीत मराठीही वाचता न येणारी मुले आहेत, आणि ही गोष्ट परदेशापुरती नाही, ती नवी पेठेतही आहे. आजी कहाणी सांगते आणि नातवंडाला अर्धे शब्द अडतात. माळ्यावर लाल कापडात बांधलेले गुजराती चोपडे आणि मोडीतील कागद पडून असतात. घरातील एकालाही ते वाचता येत नाहीत. रद्दीवाल्याच्या तराजूत अशा वह्या एकदा गेल्या की घराण्याचा तो भाग परत येत नाही.

यावर फार खर्चाचे उपाय लागत नाहीत. जुन्या वह्या फेकण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत आणि मोडी किंवा जुनी गुजराती जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावीत. घरातील वडीलधाऱ्यांना बसवून कोण कधी आले, प्रथम कोणत्या पेठेत उतरले, कोणी हात दिला, हे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावे. वंशावळ नोंदणारे वहीवंचा बारोट पूर्वी गावोगाव येत. आता ते काम घरातल्याच कोणा सुनेने किंवा नातीने हाती घ्यावे. शेवटचे आणि सर्वांत सोपे म्हणजे, रात्रीच्या अभ्यासातील दहा मिनिटे मुलांनी मराठी मोठ्याने वाचावी.

जनगणनेच्या त्या रकान्याचे काय? जनगणनेच्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे बालपणी आईने ज्या भाषेत बोलणे केले ती. आई लहानपणीच वारली असेल तर घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा लिहायची. आपल्या घरी आई ज्या भाषेत बोलली ती प्रामाणिकपणे सांगावी. ती मराठी असेल तर मराठी, गुजराती असेल तर गुजराती. यात कोणाशी निष्ठा कमी-जास्त होत नाही. २०११ च्या तक्त्यात मातृभाषेखालीच, येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवण्याची सोय होती. म्हणजे सरकारी कागदानेसुद्धा एका माणसाला तीन भाषा मान्य केल्या होत्या.

नवी पेठेतील त्या दुकानात तीन कालगणना एका भिंतीवर मावतात. मूळ गावाविषयी कोणी विचारले तर शेठजींनी संकोच न करता दोन्ही नावे सांगावीत. पणजोबा वांकानेरचे, आणि आम्ही सोलापूरचे.