हिरव्या नदीतला अंधार

चऱ्होली हे माझ्या बहिणीचे सासर. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा आळंदीहून खाली येणारी इंद्रायणी पाहून क्षणभर वाटले, कुणी पात्रातच पीक घेतले आहे की काय! पाणी कुठे दिसेना. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. शेजारी उभ्या असलेल्या आठवीतल्या भाचीने विचारले, "मामा, पानं प्राणवायू सोडतात ना? मग इतकी पानं असून मासे का मरतात?"

मी गप्प. घरी येऊन आम्ही शाळेतलाच प्रयोग मांडला. हायड्रिला शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून विकत आणली. (भाचीच्या आजींनी सारी उमर नदीवरून कळशीने पाणी आणलेले, त्यांना या खरेदीचे फार हसू आले.) काचेच्या भांड्यात हायड्रिला, तिच्यावर पालथे नरसाळे आणि त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. भांडे उन्हात ठेवले, तसे फांद्यांवरून बुडबुडे सुटू लागले. सावलीत नेले की मंदावत. बुडवलेल्या पानांवर यान इंगेनहाउझ या डच वैद्याने 1779 साली हेच पाहिले होते.

हा कारखाना नेमका कुठे असतो? पानाच्या पेशींत हरितलवके असतात आणि त्यांच्या आत चपट्या पिशव्या, भाकऱ्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक रचलेल्या. त्यांना थायलॅकॉइड म्हणतात. हरितद्रव्य असते ते या पिशव्यांच्या पातळ पडद्यात. ऊन पडले की त्यातले इलेक्ट्रॉन उसळून पुढे जातात आणि ती तूट भरून काढण्यासाठी पाण्याचे रेणू फोडले जातात. दोन रेणू फुटले की प्राणवायूचा एक रेणू मोकळा होतो. इलेक्ट्रॉनांच्या प्रवासात साठवलेली ऊर्जा मग पिशव्यांबाहेरच्या द्रवात साखर घडवण्याच्या कामी येते. हा प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे, पाण्यातला, याचा पुरावा 1941 साली रुबेन आणि केमेन यांनी दिला. झाडाच्या लेखी तो टाकाऊ माल!

तेव्हा पान जिथे, तिथेच त्याचा प्राणवायू जाणार. जलपर्णीची पाने पाण्याच्या वर, म्हणून त्यांचा बहुतेक प्राणवायू वाऱ्यावर जातो. खाली मात्र काळोख. तिथल्या शेवाळाच्या थायलॅकॉइडांपर्यंत ऊन पोचतच नाही. हवेतला प्राणवायू विरघळायला मोकळे पाणी उरत नाही आणि सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू होता तोही संपवतात.

भाचीला हे नुसते ऐकून पटेना. दुसऱ्या दिवशी तिने तशीच आणखी एक मांडणी बादलीत केली आणि वर जलपर्णी दाटीने पसरली. दुपारी चारला उन्हातल्या नळीत बोटाच्या पेराएवढा वायू जमला होता. बादलीतली नळी पाण्याने होती तशीच भरलेली.

मला जलपर्णीचा राग येत नाही. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस तिला आयते मिळतात. यंत्राने काढा, पुराने वाहून जाऊ द्या; सांडपाणी प्रक्रियेविना येत राहिले की तीही पुन्हा येते.

आजी बादलीपाशी येऊन बराच वेळ वाकून पाहत होत्या. "आमच्या वेळी नदीचा तळ दिसायचा," एवढेच म्हणाल्या.