धुराने गेलेली माणसं

१४ जानेवारी २०२०. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी चालू होती. स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच पहिला सेट जिंकली होती, पण दुसऱ्यात तिला असा खोकला लागला की ती कोर्टवरच गुडघ्यांवर बसली आणि तिने सामना सोडला. शहरात कुठे आग नव्हती. होता तो लांबच्या जंगलांतून आलेला धूर.

२०१९-२० च्या त्या उन्हाळ्याला (तिकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो) ‘ब्लॅक समर’ म्हणतात. आगीत थेट ३३ माणसं गेली, त्यांत ९ जण आग विझवणारे. तीन हजारांवर घरं जळाली. पण मी वाचत गेले तसा दुसराच एक आकडा डोक्यातून जाईना: ४१७. पूर्वेकडच्या राज्यांत धुरामुळे जास्तीचे एवढे मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त आला. हा आकडा प्रेतं मोजून आलेला नाही. हवेत धूर किती, तो श्वासात घेणारे लोक किती, आणि तेवढ्या धुराने मृत्यू किती वाढतात, असा तो हिशेब आहे.

असा हिशेब का करावा लागतो? धुरातले सगळ्यांत घातक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. राख नाकात अडकते, हे अडकत नाहीत. फुप्फुसांत खोलवर जातात, त्यांतले अतिबारीक तर रक्तातही उतरतात. शरीरात सूज येते, दमा उसळतो, आधीच कमजोर असलेलं हृदय दगा देतं. मग दाखल्यावर कारण लागतं ‘हृदयविकार’. धूर कुठेच लिहिलेला नसतो.

तोंडाला ओला रुमाल बांधला की आपल्याला बरं वाटतं, पण या कणांना तो फारसा अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ अडवतो. मार्च २०२३ मध्ये आपल्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा मीसुद्धा फक्त किती झाडं जळाली तेवढंच विचारत होते.

आमच्या चर्चमध्ये २ नोव्हेंबरच्या मिस्साला घरोघरच्या मृतांची नावं लिहून देतात. त्या ३३ जणांची यादी वाचता येईल. ४१७ जणांची कोण देणार? आपलं माणूस त्यांत आहे, हे त्यांच्या घरच्यांनाच माहीत नाही.