फायबर होडीची जोडणी : लहान छिद्र, मोठा धोका

२००४च्या त्सुनामीनंतर चेन्नईच्या किनाऱ्यावर लाकडी कट्टुमरमची जागा फायबर होड्यांनी झपाट्याने घेतली. फायबर कुजत नाही. परंतु त्याच्या थरांमध्ये प्लायवूडचा गाभा असल्यास कडी वा खुंटा बसवण्यासाठी पाडलेल्या छिद्रातून पाणी झिरपते, गाभा कुजतो आणि लाटेच्या हिसक्याने बोल्ट उपटून येतो.

म्हणून छिद्र प्रथम मोठे पाडून इपॉक्सीने भरावे. ते कडक झाल्यावर बोल्टच्या मापाने पुन्हा पाडावे. छिद्राच्या तोंडाशी किंचित उतार देऊन तेथे पॉलियुरेथेन सीलंट भरावे. आतून रुंद धातूपट्टी द्यावी, बोल्ट स्थिर धरून केवळ नट आवळावा. अति आवळल्यास सीलंट बाहेर पिळले जाऊन गळतीला वाट मिळते. कोकणातील फायबर होड्यांनाही हीच पद्धत उपयुक्त ठरते.