एका फुटाचा एक इंच
नातीसाठी लाकडी बाहुलीघर : महाड-पोलादपूरच्या जुन्या घरांची हाताने केलेली आठवण

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून, पुण्याहून किंवा सुरतेहून नातवंडे महाडला येतात, तेव्हा बाजारपेठेतील जुन्या पेढ्यांच्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘‘दादा, तुमचं पहिलं घर कसं होतं?’’ दादा सांगू लागतात. पुढे पेढी, मागे स्वयंपाकघर, वर माडी, माडीवर झोपाळा. मूल ऐकते, पण त्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ज्याने जन्मापासून लिफ्ट आणि सदनिकाच पाहिल्या, त्याला ‘माडी’ हा शब्द ऐकून कळत नाही. तो हाताला लागावा लागतो. या प्रश्नाचे एक उत्तर लाकडात देता येते. ते उत्तर म्हणजे घरच्या घरी तयार केलेले साधे बाहुलीघर.

बाहुलीघर ही आपल्याकडे अगदीच परकी कल्पना नाही. भातुकली मराठी घरात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. लाकडी ठकीला लुगडे नेसवणे, उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहुला-बाहुलीचे लग्न लावणे, वऱ्हाडाला चुरमुऱ्यांची पंगत वाढणे हे खेळ आजच्या आजींनी खेळलेले आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीत आजही लाकडी फळे, पोळपाट, जाती आणि बाहुल्या मिळतात. पांगाऱ्यासारख्या मऊ, हलक्या लाकडावर तेथील कारागिरांचा हात बसलेला आहे. पुण्यातील विलास करंदीकर यांचा भातुकलीचा संग्रह पाहताना मोठी माणसेही लहान होतात. आपल्याकडे भांडी होती, बाहुल्या होत्या. त्या मांडायला घर मात्र बहुधा खडूच्या चार रेघांचेच असे.

युरोपात उलट घडले. तेथे घर आधी आले आणि तेही मुलांसाठी नव्हते. १५५८ च्या सुमारास बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने असे एक घर करवून घेतल्याची नोंद आहे. ॲमस्टरडॅममधील रेशमाचा व्यापारी योहानेस ब्रांट याची पत्नी पेट्रोनेला ऊर्टमन हिने १६८६ पासून पुढे अनेक वर्षे सजवलेले बाहुलीघर आज तेथील राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर झालेला खर्च त्या शहरातील एखाद्या खऱ्या घराच्या किमतीएवढा होता, असे सांगितले जाते. लंडनजवळच्या विंडसर किल्ल्यातील राणी मेरीचे बाहुलीघर १९२४ मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा नवी दिल्लीची उभारणी करणाऱ्या एडविन लट्येन्स यांचा. त्यात वीज आहे, लिफ्ट आहे, नळाला पाणीही येते. त्याचे प्रमाण एका फुटाला एक इंच असे आहे. हे प्रमाण जगभर रूढ आहे आणि आजोबांच्या फुटपट्टीलाही ते सोयीचे आहे. नऊ फुटांची खोली नऊ इंचांची होते, तीन फुटांचा दरवाजा तीन इंचांचा. हिशेबाला कागदही लागत नाही.

घर कोणाचे?

विकतच्या प्लॅस्टिक बाहुलीघराला गुलाबी छप्पर असते आणि आत परदेशी स्वयंपाकघर. त्यात नातीला खेळायला मिळते, पण तिच्या कुळाचे घर मिळत नाही. हाताने करायचे तर ते आपले घर असावे. सागाचे खांब, उतरती कौले, पुढे ओटी किंवा पेढी, मागे चूल.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत ही आठवण जपण्याला विशेष कारण आहे. महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि गांधारीला घेऊन पुढे जाते. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही त्या दिवसांत दरडींनी बळी घेतले. बाजारपेठेत माल गेला. त्याचा हिशेब झाला, काही ठिकाणी विम्याचे पैसेही आले. चोपड्या, लग्नाचे फोटो, आजीच्या हातची वहाळ आणि चिखलात फुगून फाटलेली सागाची कपाटे यांचा हिशेब मात्र कोणत्याही पंचनाम्यात बसला नाही. त्यानंतर अनेक जुनी घरे उतरवली गेली. त्यांच्या जागी खांबांवरच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ते शहाणपणाचेच झाले. पण उतरवलेल्या घराची मांडणी ज्यांना पाठ आहे, ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून कामाला सुरुवात करवतीने करू नये, कागदाने करावी. संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून जुन्या घराचा नकाशा काढावा. जिना डावीकडे होता की उजवीकडे? देवघराचे तोंड कुठे होते? पाण्याचे मटके कोणत्या कोपऱ्यात असे? दोन भावांच्या आठवणी जुळणार नाहीत, वाद होईल. तो होऊ द्यावा. नातीला त्या वादातूनच घर कळते.

मापे आणि सामान

साधे, दोन मजली, चार खोल्यांचे घर धरू या. त्यासाठी ९ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड ४ फूट बाय ४ फूट, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या पूर्ण शीटचा अर्धा भाग पुरतो. पाठीमागच्या भिंतीसाठी ४ मिलिमीटरचा एक तुकडा वेगळा घ्यावा. वखारीत किंवा फर्निचरच्या दुकानात उरलेले तुकडे मिळाले तर अधिक चांगले. दुकानात आलेल्या मालाची लाकडी खोकीही चालतात. मात्र परदेशातून आलेल्या खोक्यावरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायू दिलेला, ते मुलांच्या वस्तूला वापरू नये.

तुकडे असे :

जमीन, मधला मजला आणि माळा : २४ × १० इंच, ३ नग
बाजूच्या भिंती : १९ × १० इंच, २ नग
मधल्या आडभिंती : सुमारे ९ × १० इंच, २ नग
छपराची पाखी : २७ × ८½ इंच, २ नग
छपराखालचे त्रिकोण : पाया १० इंच, उंची ४ इंच, ३ नग
पाठ (४ मिलिमीटर) : २४¾ × १९ इंच, १ नग

तिन्ही आडव्या फळ्या बाजूच्या भिंतींच्या मध्ये बसतात. म्हणून पाठ पाऊण इंच जास्त रुंद आहे. फळ्यांची जाडी वजा जाता प्रत्येक खोलीची उंची जवळजवळ ९ इंच मिळते. आडभिंती घर उभे झाल्यावर प्रत्यक्ष माप घेऊनच कापाव्यात. छपराचे एक पाखे दुसऱ्यापेक्षा फळीच्या जाडीइतके लांब ठेवावे, म्हणजे आढ्यावर ते दुसऱ्यावर नीट बसते. पुढची बाजू उघडी राहते. खेळणाऱ्या हाताला आत जायला वाट हवी.

क्रमही महत्त्वाचा आहे. बाजूच्या भिंतींतील खिडक्या, साधारण ३ × ४ इंचांच्या, जोडणीपूर्वीच कापून घ्याव्यात. नंतर करवत फिरवायला जागा राहत नाही. प्रत्येक तुकडा आधी ८० नंबरच्या, मग १२० आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. कडा गोलसर कराव्यात. मुलाच्या बोटात फास गेली तर सगळी हौस तेथेच संपते. जोडताना जमीन आणि एक बाजू यांच्या मध्ये गुण्या लावून काटकोन पाहावा. येथे रेसभर चूक झाली तर छपरापर्यंत ती वाढत जाते. गोंद लावून बारीक खिळे मारावेत, दोरीने घट्ट आवळावे आणि रात्रभर हलवू नये. शेवटी पाठ, मग आडभिंती, मग त्रिकोण आणि पाखी. तयार घराचे वजन सुमारे ७ किलो भरते.

कोकणात हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत लाकूड फुगते, रंग सुकत नाही आणि सांधे पुढे उघडतात. चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू करावे. रोज एक तास दिला तर महिन्याभरात घर उभे राहते.

सरस, लाख आणि श्रावकाचे घर

आपल्या घरांत या कामाचा आणखी एक विचार होतो. जुना सुतार लाकूड जोडायला सरस वापरी. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला चिकटा. लाकडी खेळण्यांवरची चकचकीत लाख आणि फर्निचरचे चपडा पॉलिश ही दोन्ही लाखेच्या किड्यापासून मिळतात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे ज्या घरात मध टाळला जातो, तेथे नातीच्या खेळण्यावर लाख नको असे वाटणे स्वाभाविक आहे.

सरसाला पर्याय देणारा माणूसही व्यापारी जैन घरातलाच होता, हे अनेकांना ठाऊक नसते. गुजरातेतील महुवा येथे जन्मलेले बलवंत पारेख कायद्याचे शिक्षण घेऊनही मुंबईत लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून राहिले. सुतारांची सरस तापवण्याची दगदग त्यांनी जवळून पाहिली. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला. हा पांढरा गोंद कृत्रिम आहे, तापवावा लागत नाही, आणि त्यात जनावराचा अंश नाही. त्या कंपनीचा एक कारखाना महाडच्या औद्योगिक वसाहतीतही आहे.

रंगासाठी पाण्यात मिसळणारा रंग घ्यावा आणि डब्यावर शिशाविषयीची नोंद पाहावी. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुना, उघडा पडलेला डबा वापरून काटकसर करू नये. लाकडाचा रंग तसाच ठेवायचा असेल तर जवसाचे कच्चे तेल चालते. पण ते पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात.

हे घर भेट म्हणून द्यायचे आहे. कोणाला ते दुकानात विकावेसे वाटले तर गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. सरकारकडे नोंदलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सवलत आहे. भेटीला चिन्ह लागत नाही, जबाबदारी मात्र तीच राहते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटे, गिळता येतील असे तुकडे देऊ नयेत.

आतला संसार

घर उभे राहिले की आजोबांचे काम संपते आणि नातीचे सुरू होते. छपरासाठी दुकानातल्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यावा. वरचा कागद ओला करून सोलला की आत नळीच्या कौलांसारख्या ओळी निघतात. त्यावर गेरूचा रंग द्यावा. मंगलोरी कौले कोकणात येण्यापूर्वी घरांवर नळीचीच कौले असत, हे तेव्हा सहज सांगता येते.

पेढीवर पांढऱ्या कापडाची गादी, कापसाचा तक्क्या, काडेपेटीचे उतरते मेज आणि लाल कापडात बांधलेली बोटभर चोपडी. दोन बटणे आणि दोरा यांचा तराजू. स्वयंपाकघरात दोऱ्याच्या रिळावर ठेवलेले मटके आणि त्यावर गाळण्याचे कापड. वर माडीवर पितळी साखळीचा झोपाळा आणि कोपऱ्यात देवघर. या वस्तू विकत आणू नयेत. घरात पडलेल्या चिंध्या, टोपणे आणि मणी यांतून त्या मुलीनेच कराव्यात. तिची एखादी खुर्ची दारापेक्षा मोठी होईल. होऊ द्यावी. माप पुढे तीच शिकेल.

काम चालू असताना एक प्रश्न बहुधा येतो : ‘‘दादा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?’’ त्या वेळी फुटपट्टी भिंतीला लावून दाखवावे. दहा फूट पाणी म्हणजे येथे दहा इंच, म्हणजे पेढी पूर्ण बुडून माडीच्या जमिनीच्या वर. मुलीचे बोट तेथे थांबते. बातमीत ऐकलेला पूर तिला पहिल्यांदा उंचीने कळतो. चोपड्या त्या रात्री वर का नेल्या, आजी झोपाळ्यावर का बसून राहिली, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. ती स्वतःच खालच्या खोलीतली छोटी चोपडी उचलून माडीवर ठेवते.

तळाची नोंद

खर्चाचा हिशेब मांडला तर अर्धी शीट, गोंदाचा एक डबा, रंगाच्या दोन डब्या, खिळे आणि पॉलिश पेपर एवढेच निघते. दुकानात उरलेले सामान धरले तर आणखी कमी. वेळेचा दर लावू नये. तो लावला तर कोणतीही भेट महाग पडते. व्यापाऱ्याच्या ताळेबंदात यंत्र, फर्निचर, वाहन या सर्वांवर दरवर्षी घसारा येतो. या एका वस्तूवर तो येणार नाही. वीस वर्षांनी तिचा रंग उडालेला असेल, एक कौल निघालेले असेल, आणि तरीही ती दुसऱ्या मुलीला देताना कोणी तिची किंमत कमी धरणार नाही.

भेट देण्यापूर्वी घर उलटे करावे. तळाच्या फळीवर पेन्सिलीने, चोपडीच्या पहिल्या पानावर लिहितात तसे, वर ‘श्री’ लिहावे. खाली तिथी व तारीख, लाकूड कोणत्या वखारीतून आले ते, करवत कोणी धरली आणि रंग कोणी दिला त्यांची नावे, आणि हे घर कोणत्या पेठेतील कोणत्या घराची प्रत आहे ते. मूळ घर आता उभे नसेल तर ते कधी उतरवले तेही लिहावे. शेवटची ओळ नातीला लिहू द्यावी, तिच्या अक्षरात. बाहुलीचे नाव तिलाच माहीत असते.