सॉफ्टबॉलमधील विरुद्ध बाजूची फलंदाजी : किशोरवयीन खेळाडूच्या प्रशिक्षणाचा विचार

प्रस्तावना :
भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. येथील दाट वस्तीत मोकळ्या मैदानाची उणीव सतत जाणवते. क्रिकेट पाहत व खेळत वाढलेली एखादी विद्यार्थिनी कनिष्ठ महाविद्यालयात आल्यावर प्रथमच सॉफ्टबॉलची बॅट हाती घेते. ती चपळ धावते, परंतु तिचा फटका दूर जात नाही. अशा वेळी ‘हिला डाव्या बाजूने उभे करावे काय?’ असा विचार क्रीडाशिक्षकाच्या मनात येतो. हा निर्णय वरवर साधा वाटतो. तथापि महाविद्यालयीन स्पर्धांची मोजकी वर्षे खेळाडूच्या वाट्याला येतात व त्यांतील एखादा हंगाम या प्रयोगात खर्ची पडू शकतो. म्हणून या बदलाचा लाभ किती, तो कोणासाठी व कोणत्या क्रमाने करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाभाचे मोजमाप :
उजव्या हाताने खेळणारी फलंदाज होम प्लेटच्या तिसऱ्या बेसकडील चौकटीत, तर डावखुरी फलंदाज पहिल्या बेसकडील चौकटीत उभी राहते. होम प्लेटची रुंदी ४३ सें.मी. असून तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ सें.मी. अंतरावर ९१ सें.मी. रुंदीची एकेक चौकट असते. म्हणजे दोन्ही चौकटींच्या मध्यांत सुमारे १.६५ मीटर अंतर पडते. पहिला बेस तिरक्या दिशेला असल्यामुळे प्रत्यक्षात वाचणारे अंतर सुमारे १.१५ मीटर इतकेच भरते. बेसमधील एकूण अंतर १८.२९ मीटर आहे. सेकंदाला ६ मीटर या सरासरी वेगाने धावणाऱ्या मुलीचा त्यामुळे सुमारे एक-पंचमांश सेकंद वाचतो. शिवाय डाव्या बाजूचा फटका पूर्ण होताना शरीर पहिल्या बेसच्या दिशेने वळते. पहिल्या बेसवर अनेक निर्णय एका पावलाच्या फरकाने होत असल्याने हा लाभ दुर्लक्षणीय नाही. मात्र चेंडूला बॅट लागलीच नाही, तर तो शून्य होय.

हाताचे प्राबल्य :
लिहिण्याचा हात व फलंदाजीची बाजू यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसतो. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात व उजव्या बाजूने खेळले. सांगलीच्या स्मृती मानधना उजव्या हाताच्या असूनही डाव्या बाजूने फलंदाजी करतात. मान, रन्सविक व ॲलन यांच्या २०१६ मधील अभ्यासात, ज्यांचा प्रबळ हात बॅटच्या मुठीच्या टोकाकडे असतो अशी ठेवण नवोदितांपेक्षा व्यावसायिक क्रिकेट फलंदाजांत सुमारे सातपट अधिक संभवनीय आढळली. उजव्या हाताची मुलगी डाव्या बाजूने उभी राहिली की तिचीही ठेवण अशीच होते. परंतु या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. मानधना यांनी ही बाजू बालपणीच आत्मसात केली. सतराव्या वर्षी बाजू बदलल्याने तेच यश लाभेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

एका बाजूने शिकलेले कौशल्य दुसऱ्या बाजूला अंशतः संक्रमित होते. पिचरच्या हाताकडे पाहणे, चेंडूची उंची ओळखणे, कोणता चेंडू सोडावा हे ठरवणे यांचा अनुभव बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. हातांची कामे, वजन सरकवणे व वेळ साधणे मात्र जवळजवळ नव्याने शिकावे लागते.

अध्यापनाचा क्रम :
प्रथम बॅटविना, आरशासमोर, पाय व कंबर यांची हालचाल करून घ्यावी. त्यानंतर बॅट थोडी वर धरून टी-वर ठेवलेला स्थिर चेंडू मारण्यास द्यावा. तिसऱ्या टप्प्यात बाजूने हळू उसळवलेला चेंडू व चौथ्यात बंट घ्यावा. बंटमुळे चेंडू बॅटपर्यंत पाहण्याची सवय लागते. एवढा सराव एखादी जाळी व भिंत यांच्या आधारे होतो, त्यामुळे मैदानाची अडचण असलेल्या महाविद्यालयातही तो शक्य आहे.

यानंतरच धावता फटका, म्हणजे ‘स्लॅप’, शिकवावा. यात पुढचा उजवा पाय किंचित मागे घेऊन मागील डावा पाय त्याच्या पुढून पिचरच्या दिशेने टाकला जातो व चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे ढकलला जातो, कारण तेथून पहिल्या बेसकडील फेक लांबची असते. नवशिक्या मुलीची नेहमीची चूक म्हणजे फटक्याआधीच धावू लागणे. त्यामुळे खांदे उघडतात व नजर चेंडूवरून सुटते. तसेच चेंडूला बॅट लागताना संपूर्ण पाऊल चौकटीबाहेर जमिनीवर असेल, तर फलंदाज बाद ठरते. म्हणून सरावातही चौकट आखलेली असावी. प्रत्यक्ष पिचिंगला सामोरे जाणे हा शेवटचा टप्पा होय. महिलांच्या खेळात पिचिंगचे अंतर १३.११ मीटर असते. ताशी ७० कि.मी. वेगाचा चेंडू सुमारे दोन-तृतीयांश सेकंदाच्या आत पोहोचतो. एवढ्या अवधीत पायांचा विचार करण्यास वाव नसतो, पाय आधीच सवयीचे झालेले असावे लागतात.

निवड व दक्षता :
वेग उत्तम, चेंडू ओळखण्याची नजर बरी, परंतु ताकद कमी, अशा मुलीसाठी हा बदल विशेष योग्य. उजव्या बाजूने जोरकस फटका मारणाऱ्या मुलीचे त्यात नुकसानच अधिक. स्पर्धांचा हंगाम संपल्यावर आरंभ करावा आणि उजव्या बाजूचा सराव पूर्णतः थांबवू नये. पहिले काही आठवडे अपयश अधिक दिसते. त्या काळात संघातील स्थान धोक्यात नाही, याची स्पष्ट हमी शिक्षकाने द्यावी. मुख्य म्हणजे बदलाचे कारण मुलीला समजावून तिची संमती घ्यावी.

निष्कर्ष :
विरुद्ध बाजूच्या फलंदाजीतून मिळणारा लाभ सुमारे एका मीटरचा आहे व त्यासाठी मोजावी लागणारी किंमत अनेक महिन्यांची आहे. योग्य खेळाडूसाठी हा व्यवहार निश्चित फायद्याचा ठरतो. मात्र संघाची गरज हे एकमेव कारण त्यास पुरेसे नाही. ज्या मुलीची ही वर्षे आहेत तिचे हित प्रथम पाहणे, हीच या प्रशिक्षणाची पहिली पायरी होय.