देवळालीचा जुना बंगला आणि नवा पाहुणा

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की नाशिकच्या आसपास पाहुण्यांसाठी बांधकामांना जोर येतो. २०२७ चा मेळाही त्याला अपवाद नाही. मात्र नाशिकला येणारा प्रत्येक जण गोदाघाटासाठी येत नाही. हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला दुर्बिणी घेऊन पक्षी पाहायला माणसे येतात. राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० च्या जानेवारीत त्याची घोषणा झाली. पावसाळ्यात अंजनेरीचा डोंगर चढणारे असतात. याच डोंगराचे नाव लाभलेल्या 'सिरोपेजिया अंजनेरिका' या दुर्मीळ कंदीलपुष्पाची शास्त्रीय नोंद २००६ साली झाली. अशा पाहुण्यांना मुक्कामासाठी देवळाली कॅम्प सोयीचा आहे. तिथे त्यांच्यासाठी पर्यावरणपूरक अतिथिगृह काढायचे असेल, तर नवी इमारत आखण्याआधी एखादा जुना बंगला शोधावा आणि तो नीट दुरुस्त करावा. या गावात त्याहून टिकाऊ मार्ग दिसत नाही.

पाहुण्याची सोय करणे हा देवळालीचा जुनाच व्यवसाय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी इथे लष्करी तळ वसवला. मुंबई बंदरात उतरलेल्या आणि मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा मुक्काम इथे पडे. पुढे मुंबईची पारशी, बोहरी, गुजराती, जैन कुटुंबे हवापालटासाठी येऊ लागली. लॅम रोडच्या परिसरात बंगले आणि धर्मादाय सॅनेटोरियम उभी राहिली. १९२५ मध्ये मुंबईहून बार्न्स स्कूलही इथे आले. त्या काळी घर थंड ठेवायला वीज हाताशी नव्हती. भिंत, छप्पर, सावली आणि वारा एवढ्याच भांडवलावर घर राहण्याजोगे करायचे होते. म्हणून या वास्तूंकडे हवामानाचा अभ्यास म्हणून पाहायला हवे.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला त्याचा फारसा त्रास नसतो. खरा मारा होतो छपरावर आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. जुन्या बांधणीत या दोन्हींवर उत्तर आहे. वर मंगलोरी कौले, कौलांखाली लाकडी तक्तपोशी आणि दोहोंमध्ये हवा खेळायला पोकळी. बाजूने रुंद व्हरांडा, म्हणजे भिंतीवर थेट ऊन फारसे येत नाही. काळ्या दगडाची दीड-दोन फुटी भिंत दिवसभराची उष्णता सावकाश पिते आणि ती आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. मग रात्री खोली तापणार नाही का? तापेल, झरोके बुजवले असतील तर! छताजवळच्या झरोक्यांतून गरम हवा वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून पठाराची गार हवा आत येते. उन्हाळ्यातही इथली रात्र दिवसापेक्षा बरीच थंड असते, म्हणून ही युक्ती चालते. रात्रीही उकडणाऱ्या मुंबईत ती एवढी चालली नसती.

यावर एक आक्षेप येतो. आजची हरित इमारत दुहेरी काचा, उष्णतारोधक थर आणि सौरऊर्जा वापरून जुन्या घरापेक्षा कमी वीज खाईल. हे शक्य आहे. पण हिशेब पहिल्या विटेपासून मांडायला हवा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात ते आठ टक्के आहे, कारण चुनखडी भाजताना इंधनाचा धूर निघतो आणि खुद्द दगडातूनही वायू सुटतो. उभ्या घराचा हा खर्च केव्हाच होऊन गेला आहे. नव्या इमारतीला तो पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि वीजबचतीतून फेडायला अनेक वर्षे लागतात. शिवाय सौरपत्रे जुन्या आवारातही बसवता येतात. जुन्या आवारातली झाडे मात्र नव्याने आणता येत नाहीत. पिंगळे, पोपट, धनेश ढोलीत घरटी करतात आणि ढोली तयार व्हायला झाडाला कित्येक दशके जावी लागतात. वाहनतळासाठी जुनी चिंच तोडून पाच रोपे लावली, तर त्यात भरपाई कसली?

दुसरा आक्षेप सोयींचा. पाहुण्याला स्वच्छ न्हाणीघर, गरम पाणी, शांत झोप हवीच आणि ते मागण्यात गैर काही नाही. मागच्या बाजूला हलक्या बांधणीची न्हाणीघरे जोडावीत, गरम पाणी सौरबंबाचे द्यावे. २०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी १,१२,००० लिटर पाणी हाती येते. रोज १,००० लिटर वापरणाऱ्या घराची ती जवळजवळ चार महिन्यांची बेगमी आहे. बाहेरचे दिवे मंद, पिवळसर, खाली तोंड केलेले असावेत, कारण झगमगाटाने रात्रीचे कीटक आणि स्थलांतर करणारे पक्षी भरकटतात. मोठ्या काचेत आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि पक्षी त्यावर आपटून मरतात. बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके काढले तरी हे बरेच टळते.

तिसरा आक्षेप अधिक खरा आहे : दुरुस्तीला पैसा, परवानग्या आणि जाणकार गवंडी लागतात. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत काही ठिकाणी जमीन सरकारची आणि वास्तू धारकाची असते. कागद तपासल्याशिवाय वापर बदलणे धोक्याचे. चुकीची दुरुस्ती तर घर खाते. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, गिलावा फुगतो, वाशांची टोके कुजतात. चुन्याला चुनाच लागतो. तो भाजायला सिमेंटपेक्षा कमी तापमान पुरते, हाही फायदाच. हे काम महाग पडते ते मुख्यतः जाणकार हातांमुळे, आणि तो पैसा कारागिराच्या घरी जातो. जिथे सांगाडाच गेला आहे किंवा भूखंड मोकळा आहे, तिथे नवे घर जरूर बांधावे. पण व्हरांडा, झरोके, पश्चिमेची सावली आणि उभी झाडे आराखड्यात आधी मांडून.

देवळालीत जागा घेणाऱ्यांना म्हणूनच सांगणे आहे : वास्तुविशारदाकडे नवा नकाशा मागण्याआधी जुन्या वास्तूची तपासणी करून घ्या, आणि ती पाडायचा निर्णय त्यानंतरच घ्या. पाहुण्यांनीही खोली ठरवताना स्विमिंग पूल आहे का हे विचारण्याऐवजी पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते आणि बांधकामासाठी किती झाडे तोडली, हे विचारावे. गिऱ्हाईक हे प्रश्न विचारू लागले, तर मालकांना जुने बंगले राखणे परवडेल.